कृष्णधवल फिल्मची निवड : पडदा, कागद आणि स्कॅनर

छायाचित्रकार फिल्म निवडताना तिचा वेग आणि कणांचा बारीकपणा पाहतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा नाही, परंतु कृष्णधवल फिल्मचा इतिहास तपासला तर चित्र शेवटी कशावर पाहिले जाणार, हाच प्रश्न निवडीत निर्णायक ठरत आला आहे, असे दिसते.

फिल्मच्या पारदर्शक पट्टीवर जिलेटिनमध्ये मिसळलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या सूक्ष्म स्फटिकांचा थर असतो, त्याला पायस म्हणतात. प्रकाश लागलेल्या स्फटिकांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते आणि उजेड-सावली उलटी दाखवणारे ऋणचित्र, म्हणजे निगेटिव्ह, तयार होते. या स्फटिकांना मुळात निळा-जांभळा प्रकाशच जाणवतो. योग्य रंगद्रव्य मिसळल्यास पायसाला इतर रंगही जाणवू शकतात, हा शोध बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये लावला आणि त्यातून हिरव्यापर्यंत पोहोचणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आली. तांबड्या रंगाला मात्र तीही आंधळीच होती. अशा पायसावर निळे आकाश पांढरेफटक पडे, ओठ काळवंडत आणि कपाळावरचे कुंकू काळ्या ठिपक्यासारखे उमटे.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला, तो याच मर्यादांच्या काळात. फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र मागवले होते, कारण कच्ची फिल्म तेव्हा कडेची छिद्रे न पाडताच मिळत असे. ती अंधाऱ्या खोलीत बसून पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके करीत, आणि भारतीय चित्रपटाच्या तांत्रिक इतिहासात त्यांचे नाव याहून ठळकपणे यायला हवे. तांबड्याला न जाणणाऱ्या फिल्मचा कारागिराला एक मोठा फायदा होता: लाल दिव्याच्या उजेडात चित्र उमटताना पाहून ती वेळेवर बाहेर काढता येई. सर्व रंग जाणणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आल्यावर ही सोय गेली आणि डोळ्यांची जागा घड्याळ व तापमापकाने घेतली. तरीही रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या ‘मोआना’ (१९२६) या चित्रपटात पॅनक्रोमॅटिक फिल्मवर उतरलेल्या त्वचेच्या छटा पाहिल्यावर चित्रपटसृष्टी झपाट्याने तिच्याकडे वळली.

पडद्यासाठी लागणारी फिल्म समजून घ्यायची तर उताराची कल्पना स्पष्ट हवी. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये प्रकाशाची मात्रा आणि चित्राची घनता यांचा आलेख मांडला. त्या आलेखाचा उतार जितका तीव्र, तितका काळ्या-पांढऱ्यातील विरोध अधिक. चित्रपटाची निगेटिव्ह सुमारे ०.६५ इतक्या सौम्य उताराला धुतली जाई आणि तिच्यावरून काढलेल्या पॉझिटिव्ह प्रतीचा उतार दोनाहून अधिक ठेवला जाई, म्हणजे दोहोंचा गुणाकार दीडच्या आसपास येई. अंधाऱ्या सभागृहात डोळ्यांना विरोध कमी भासतो, ती उणीव या वाढीव उताराने भरून निघे. हौशी लोकांना दोन फिल्मचा खर्च परवडणारा नव्हता. त्यांच्यासाठी कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची रिव्हर्सल फिल्म आणली, जिच्यात पहिल्या धुण्यात तयार झालेली चांदी विरघळवून, उरलेल्या स्फटिकांना प्रकाश देऊन पुन्हा धुतले की तीच पट्टी प्रोजेक्टरवर चढवता येई. आगफाची स्काला ही स्लाइड फिल्मही याच कुळातली. अशा फिल्मवर प्रकाशाचा अंदाज थोडा चुकला तरी चूक थेट पडद्यावर दिसते.

कागदाचे गणित वेगळे होते. छापील चित्रात सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भागांचे प्रमाण साधारण शंभरास एक एवढेच असते, परंतु कागद निरनिराळ्या विरोधाचे मिळत असल्याने निगेटिव्हमधील उणे-अधिक डार्करूममध्ये सावरता येई. कोडॅकची ट्राय-एक्स (३५ मिलिमीटरमध्ये १९५४ पासून) आणि इलफर्डची एचपी-५ (१९७६) या वेगवान फिल्म वृत्तपत्रांत रुजल्या, त्यामागे ही सवलतही होती. भारतात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सने १९६७ पासून उत्पादन सुरू केले आणि ‘इंदू’ हे नाव गावोगावच्या स्टुडिओंत पोहोचले.

स्कॅनरने हा हिशेब पुन्हा बदलला. चांदीचे कण एका दिशेने येणारा प्रकाश विखुरतात, त्यामुळे दाट भाग अधिकच दाट भासतात. हा परिणाम आंद्रे कॅलिये यांच्या नावाने ओळखला जातो. धूळ ओळखण्यासाठी स्कॅनर जो अवरक्त किरण वापरतो, तोही चांदी अडवते, म्हणून ती सोय पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर निकामी ठरते. १९८० च्या दशकाच्या आरंभी आलेली इलफर्डची एक्सपी-१ ही फिल्म रंगीत निगेटिव्हच्याच रसायनांत धुतली जाई आणि तिच्यात अखेरीस चांदीऐवजी रंगद्रव्य उरे. अवरक्त किरण त्यातून पार जात असल्याने स्कॅनरला नेमकी हीच जात मानवली, जरी ती घडवली गेली तेव्हा घरगुती स्कॅनर अस्तित्वातच नव्हते.

जुन्या चित्रपटांचे स्कॅनिंग करताना म्हणूनच मूळ निगेटिव्हचा शोध आधी घेतला जातो, कारण पॉझिटिव्ह प्रतीच्या तीव्र उतारात सावल्यांमधला तपशील दबलेला असतो. तो काही अंशी वर काढता येतो; ऑर्थोक्रोमॅटिक पायसाने मुळातच न टिपलेला कुंकवाचा तांबडेपणा मात्र कोणत्याही स्कॅनरला परत आणता येत नाही.