शेवाळाची कापणी

परवा नातवाने मुंबईहून गोळ्यांची एक बाटली आणली. "आजोबा, स्पिरुलिना आहे. शेवाळाच्या गोळ्या. ताकद येते." झाकण उघडलं आणि वास आला तो थेट श्रावणातल्या खाचराचा! किंमत ऐकून मात्र मी गप्पच झालो.

आमचं गागोदे बुद्रुक हे विनोबांचं जन्मगाव. 1895 साली ते इथे जन्मले. त्यांचं घर पाहायला लोक येतात, पण आजूबाजूच्या खाचरांत कोण डोकावतो? लावणीनंतर साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवी साय धरते. लहानपणी ती पायाला चिकटली की आम्हाला किळस यायची.

ही साय म्हणजे फुकटचं खत, हे बंगालच्या भातजमिनींवर काम करणाऱ्या पी. के. डे यांनी 1939 साली दाखवलं. हे शेवाळ हवेतला नत्र धरून जमिनीला देतं. पुढे बनारसला आर. एन. सिंह यांनी आणि जपानात वातानाबे यांनी हेच काम वाढवलं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या जी. एस. वेंकटरामन यांनी तर शेतकऱ्याला घरी जमेल अशी रीत बसवली. उथळ खड्डा, त्यात प्लास्टिक, थोडी माती, सुपर फॉस्फेट, वर पाणी आणि शेवाळाचं विरजण. आठ-पंधरा दिवसांत जाड थर येतो. मग पाणी आटू द्यायचं. उन्हात थराच्या खपल्या सुटतात, त्या गोळा करायच्या. लावणीनंतर आठवड्याने हेक्टरी 10 किलो खपल्या टाकल्या की हंगामात 20 ते 30 किलो नत्र मिळतो.

शेवाळ वाढवणं सोपं, कापणीच अवघड. तळ्याच्या एक लिटर पाण्यात जेमतेम अर्धा ग्रॅम शेवाळ असतं. म्हणजे किलोभर मिळवायला 2000 लिटर पाणी उपसा! स्पिरुलिनाचे धागे मळसूत्रासारखे, म्हणून ते बारीक कापडात अडकतात. क्लोरेलाचा कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान, त्याला यंत्रात गरगर फिरवूनच वेगळं करावं लागतं. आफ्रिकेतल्या चाड सरोवराकाठच्या बायका मात्र स्पिरुलिना वाळूवर निथळून उन्हात वड्या पाडतात. वेंकटरामन यांच्या रीतीतही कापणी करतं ते ऊनच, तेही बिनपगारी.

जिल्ह्याचं नाव कुलाब्याचं रायगड होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. मी शाळेमागे मुलांकडून असा खड्डा खणून घेतला. महिना एप्रिल. ऊन भरपूर, थर सुरेख धरू लागला. तेवढ्यात हंडा घेऊन चाललेली एका विद्यार्थ्याची आई थांबली. म्हणाली, "गुरुजी, माणसांना पाणी नाही आणि तुम्ही शेवाळाला पाजताय?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवला. त्याच दशकात आपल्याच जिल्ह्यात थळला युरियाचा कारखाना उभा राहिला, गोणी दारात येऊ लागली, आणि शेवाळाचं नावही कोणी काढेना.

चूक कुठे झाली, हे मला फार उशिरा उमगलं. वाळलेल्या खपल्या कोरड्या ठेवल्या तर जिवंत राहतात, त्या पुढच्या लावणीपर्यंत सहज टिकतात. मग एप्रिलची घाई कशाला? भातकापणीनंतर कार्तिकात ओढ्याला पाणी असतं, आकाशही निरभ्र असतं. थंडीत वाढ जरा सावकाश होते, इतकंच. खाचराच्या एका कोपऱ्यात तेव्हा हे केलं असतं, तर कुणाच्या हंड्यातलं पाणी गेलं नसतं.

पुस्तकातली रीत बरोबर होती. ती आमच्या गावच्या पंचांगात बसवण्याचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. त्या माऊलीचा प्रश्न हा नकार नव्हता, तारीख बदला असं सांगणं होतं.

असो. गोळ्या घेतो आहे. नातवाला सांगितलंय, येत्या कार्तिकात चार दिवस रजा काढून ये, खड्डा खणायचा आहे.