तोफ आणि तिची बैठक

तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र हे सरफोजीराजांच्या दानशीलतेचे स्मारक होय. तेथून उत्तरेस तंजावरला गेले म्हणजे किल्ल्याच्या पूर्वेकडील बुरुजावर एक अजस्र तोफ दिसते. सतराव्या शतकात, नायकांच्या राजवटीत, लोखंड तापवून व सांधून ती घडवली गेली. पुढे तंजावरच्या मराठ्यांच्या राज्याबरोबर ती त्यांच्याकडे आली. तिची नळी सात मीटरांहून अधिक लांब आहे. मात्र तिचे तोंड ज्या दिशेला आहे, त्या दिशेलाच आहे. एवढे धूड वळवणार कोण? तोफेचा मारा नळीवर अवलंबून असतो, परंतु तो मारा हव्या त्या ठिकाणी पोहोचवणे हे तिच्या बैठकीचे काम असते.

या गोष्टीची खरी कसोटी लागली ती विसाव्या शतकात, युद्धनौकेवर. ताशी 360 किलोमीटर वेगाने येणारे विमान एका सेकंदात 100 मीटर अंतर कापते. गोळा तेथवर जाण्यास दोन सेकंद लागले, तर विमान 200 मीटर पुढे गेलेले असते. म्हणजे नेम विमानावर नव्हे, तर त्याच्या पुढच्या रिकाम्या आकाशावर धरावा लागतो. त्यातच पायाखालची नौका सतत डोलत असते. तेव्हा तोफ नुसती शीघ्र गोळे सोडणारी असून भागत नाही; तिची बैठकही तितकीच चपळ आणि स्थिर हवी.

ब्रिटिश नौदलाने प्रथम संख्येवर भर दिला. ‘पॉम-पॉम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 40 मिलिमीटरच्या आठ तोफा एकाच बैठकीवर बसवून 1930 च्या सुमारास त्यांनी एक प्रचंड यंत्र सिद्ध केले. त्याचे वजन कित्येक टन होते. परंतु 10 डिसेंबर 1941 रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन बलाढ्य नौका बुडवल्या. त्या दिवशी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’वरील पॉम-पॉम तोफा काडतुसे अडकून वारंवार बंद पडल्या, आणि टॉर्पेडोच्या आघाताने वीजपुरवठा तुटताच मोठ्या तोफांचे कित्येक बुरूज फिरेनासे झाले. यंत्राची शक्ती गेली, की अवजड बैठक हेच ओझे ठरते, हा धडा शेकडो खलाशांच्या प्राणांचे मोल देऊन शिकावा लागला.

स्वित्झर्लंडच्या 20 मिलिमीटर ऑर्लिकॉन तोफेने नेमकी उलट वाट धरली होती. तिच्या साध्या खांबाला विजेची गरज नव्हती. गोलंदाज दोन खांदेटेकूंमध्ये उभा राही, पट्ट्याने स्वतःला तोफेशी बांधून घेई आणि आपल्या अंगाच्या वळणाने ती फिरवी. गुडघे वाकवले की नळी आकाशाकडे वळे. एका अर्थी माणसाचे शरीर हेच त्या बैठकीचे यंत्र होते. म्हणूनच ती लहानातल्या लहान नौकेवरही बसवता आली. 11 नोव्हेंबर 1942 रोजी हिंदी महासागरात ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करणारी ‘बंगाल’ ही भारतीय नौदलाची छोटी सुरुंगशोधक नौका जपानच्या दोन सशस्त्र जहाजांच्या तडाख्यात सापडली. ‘बंगाल’वर एक लहान तोफ व काही ऑर्लिकॉन एवढीच सामग्री होती, समोरचे ‘होकोकू मारू’ दहा हजार टनांहून मोठे होते. तरीही ते जहाज स्फोट होऊन बुडाले आणि ‘बंगाल’ व ‘ओंदिना’ दोन्ही बंदराला लागल्या.

मात्र शरीराच्या बळावर चालणाऱ्या बैठकीची किंमतही शरीरालाच मोजावी लागे. उघड्या डेकवर तोफेला बांधलेला गोलंदाज शत्रूच्या गोळ्यांना सरळ सामोरा असे. तिसरी वाट डच नौदलाने दाखवली. स्वीडनच्या 40 मिलिमीटर बोफोर्स तोफांची एक जोडबैठक तेथे तयार झाली. साधी बैठक आडवी फिरते आणि उभी उचलते; नौका एका कुशीवर कलली की या दोन्ही हालचाली बिघडतात. डच बैठकीत हा कल सावरणारी तिसरी हालचाल होती. वेगाने फिरणारा भोवरा जसा आपला आस सोडत नाही, तसा जायरोस्कोप तिला सागराच्या हेलकाव्यांतही क्षितिजाशी बांधून ठेवी. 1940 मध्ये हॉलंड पडल्यावर ही बैठक एका डच नौकेवरून इंग्लंडला पोहोचली, आणि पुढे तिला रडारची जोड मिळाली.

येथून बैठकीने माणसाचे एकेक काम आपल्याकडे घेतले. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या आणि 1997 मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘दिल्ली’ या विनाशिकेवर सहा नळ्यांच्या, 30 मिलिमीटरच्या रशियन बनावटीच्या तोफा आहेत. मिनिटाला सुमारे पाच हजार गोळे सोडणाऱ्या त्या बुरुजात माणूस नसतो. लक्ष्य रडार शोधते, पुढचे अंतर यंत्र मोजते. माणूस आत, पडद्यासमोर बसतो.

त्या प्रगतीने गोलंदाजाचे शरीर वाचवले. पण क्षणार्धात निर्णय घेण्याचा भार मात्र त्याच्यावरून पूर्णपणे उतरलेला नाही. समोरून येणारे विमान शत्रूचे की आपले, हा प्रश्न खांद्याला तोफ लावून उभा असलेल्या खलाशापुढे होता. पडद्यासमोर बसलेल्या खलाशापुढेही तोच आहे.