पवनारचं भाषण आणि झेंड्याचा कायदा

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना वर्धा यायच्या जरा आधी पवनार लागतं. धाम नदी आणि काठावर विनोबांचा आश्रम. बहुतेकांना विनोबा म्हटलं की भूदान आठवतं. पण राष्ट्रध्वजाचा अपमान की अभिव्यक्तिस्वातंत्र्य, असा वाद पेटला की मला हे गाव आठवतं. का ते सांगतो.

१७ ऑक्टोबर १९४०. दुसरं महायुद्ध सुरू होऊन वर्ष उलटलेलं. इंग्रजांनी आपल्याला न विचारताच भारताला त्यात ओढलेलं. गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह जाहीर केला आणि पहिला सत्याग्रही निवडला विनोबांना. त्यांनी करायचं काय, तर पवनारला भाषण! या युद्धाला माणसं देऊ नका, पैसा देऊ नका, एवढंच सांगायचं. मोर्चा नाही, बंद नाही, दगडफेक तर नाहीच नाही. मागणी एकच, युद्धाविरुद्ध बोलण्याचा हक्क. चार दिवसांनी, २१ तारखेला, अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा. दुसरा नंबर नेहरूंचा होता. त्यांना तर सत्याग्रह करण्याआधीच पकडलं आणि आधीच्या भाषणांसाठी चार वर्षं ठोठावली.

सरकारची भीती अगदीच खोटी होती असंही नाही. पॅरिस पडलं होतं, लंडनवर बॉम्ब पडत होते. बोलण्यावर बंदी घालणाऱ्याकडे कारण नेहमी असतंच, आणि ते बऱ्याचदा खरंही असतं. खरी अडचण तीच आहे.

आता झेंड्याकडे येऊ. त्याआधी सतरा वर्षं, म्हणजे १९२३ साली, नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. चरख्याचा तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला बंदी होती. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी पुढाकार घेतला, ते तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेल आले. स्वयंसेवक शेकड्यांनी आत गेले आणि त्यात विनोबाही होते. म्हणजे बघा, हा माणूस एकदा झेंड्यापायी आत गेला आणि एकदा शब्दापायी. दोन्ही वेळा त्याने कुणाला साधा धक्काही मारला नव्हता.

मग आपलं राज्य आलं आणि झेंडा सरकारचा झाला. १९७१ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रध्वज जाळणं, फाडणं, विद्रूप करणं याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. इथवर ठीक. पण त्याच कलमात शब्दांनी केलेला अनादरही गुन्हा आहे, मग ते बोललेले असोत वा लिहिलेले. लगेच खाली मात्र स्पष्टीकरण आहे : कायदेशीर मार्गाने राज्यघटनेत किंवा ध्वजात बदल व्हावा म्हणून त्यांच्यावर किंवा सरकारच्या निर्णयांवर केलेली टीका गुन्हा नाही.

गंमत पुढे आहे. जानेवारी २००४ मध्ये नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सन्मानाने तिरंगा फडकवणं हा नागरिकाचा अभिव्यक्तीचा मूलभूत हक्क आहे. आता फडकवणं म्हणजे काहीतरी बोलणं असेल, तर जाळणंही बोलणंच की! अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली हेच मान्य केलं, पण तेही पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी. आपण ती वाट घेतली नाही.

मला स्वतःला झेंडा जाळणाऱ्याबद्दल काडीचं प्रेम नाही. जाळायला बंदी असावी, याला माझी हरकत नाही. जाळू न देता माणसाला तीच गोष्ट भर चौकात शब्दांत सांगता येत असेल, तर त्याचं फार काही गेलं नाही. पण मग शब्दाची वाट खरोखर मोकळी हवी. सरकारवर टीका म्हणजे देशाचा अपमान आणि देशाचा अपमान म्हणजे झेंड्याचा अपमान, अशी साखळी जोडली की ती वाटही बंद होते. तक्रार करायला धावणाऱ्याला कलम पाठ असतं, स्पष्टीकरण नसतं.

म्हणून अशा कुठल्याही कायद्याला माझी एक साधी चाचणी आहे. ऐन युद्धात, सगळा देश चिडलेला असताना, एखादा माणूस पवनारच्या त्या भाषणासारखं भाषण करून रात्री आपल्या घरी झोपू शकेल का? उत्तर 'हो' असेल तर कायदा झेंड्याचं रक्षण करतोय. 'नाही' असेल तर तो फक्त कापड जपतोय. नागपूरला लोक ज्यासाठी तुरुंगात गेले, ते कापड नव्हतं.