वाणिज्य व माहिती तंत्रज्ञान ऐच्छिक विषय, उच्च माध्यमिक (अमरावती-अकोला)

अकरावी-बारावीत सक्तीच्या इंग्रजीखेरीज निवडायचे, हिशेब, व्यापार, कार्यालयीन कामकाज आणि संगणक यांच्याशी निगडित विषय. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अमरावती विभागीय मंडळाकडे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ हे पाच जिल्हे आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पहिल्या दोन जिल्ह्यांचा विचार केला आहे. हे विषय विद्यार्थ्यापर्यंत चार वाटांनी येतात : वाणिज्य शाखेचे नेहमीचे विषय, तिन्ही शाखांना खुला असलेला शंभर गुणांचा माहिती तंत्रज्ञान (आयटी), दोनशे गुणांचे द्विलक्षी विषय आणि स्वतंत्र व्यवसाय अभ्यासक्रम. घरी मात्र यांतल्या निम्म्या वाटांचं वर्णन ‘पोरानं कॉम्प्युटर घेतला’ एवढ्याच शब्दांत होतं, आणि कोणता घेतला हे कळायला पहिली चाचणी उजाडावी लागते.

पूर्वपीठिका : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि त्या मार्गावरची अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही ठाणी मुंबईच्या कापूसबाजाराला जोडली गेली. जिन-प्रेस आले, अडत आली, त्याबरोबर हिशेबनिसांची गरज आली. ही विद्या शाळेत नव्हती. ती दुकानाच्या गादीवर, मुनिमाच्या हाताखाली कीर्द-खतावणी लिहून शिकायची होती. शाळेत व्यापारविषयक शिक्षणाला जागा देण्याचा विचार माध्यमिक शिक्षण आयोगाने (मुदलियार आयोग, १९५२-५३) सुचवलेल्या बहुउद्देशीय शाळांच्या निमित्ताने पुढे आला. तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भाचे वेगळे माध्यमिक मंडळ नागपुरात होते आणि १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळ अस्तित्वात आले. १९७५ च्या सुमारास १०+२+३ आकृतिबंध लागू झाला, कनिष्ठ महाविद्यालय नावाची पायरी तयार झाली आणि ‘विषय निवडणे’ ही गोष्ट सोळाव्या वर्षी करायची ठरली.

या पायरीसाठी दोन्ही जिल्ह्यांत आधीपासूनची चौकट होती. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३० च्या दशकारंभी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळे तालुक्यांपर्यंत गेले होते. अकोल्यात बेरार जनरल एज्युकेशन सोसायटीचे श्रीमती एल. आर. टी. वाणिज्य महाविद्यालय आणि अमरावतीत केशरबाई लाहोटी महाविद्यालय ही वाणिज्याची ठळक नावे. देणग्यांचा अशा संस्थांच्या उभारणीतला वाटा त्यांच्या नावांवरूनच कळतो.

वाणिज्य शाखा : पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, अर्थशास्त्र, चिटणिसाची कार्यपद्धती हे नेहमीचे चार विषय. यांच्या जोडीला किंवा यांतल्या एकाच्या जागी गणित व संख्याशास्त्र, सहकार, आयटी अशी निवड करता येते. सध्याचा अभ्यासक्रम बालभारतीच्या पुस्तकांसह अकरावीला २०१९-२० पासून आणि बारावीला २०२०-२१ पासून लागू आहे.

पुस्तपालनाच्या बारावीच्या पुस्तकाची सुरुवात भागीदारी संस्थेच्या अंतिम खात्यांनी होते. पुढे भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती, मृत्यू, संस्थेचे विसर्जन, विनिमय विपत्रे असा प्रवास आहे. विषय मराठीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द नवे वाटत नाहीत. बापाच्या किंवा अडत्याच्या तोंडून त्यांतले दोन-चार कानावर पडलेले असतात. दहा क्विंटल कापूस सात हजाराच्या भावाने उधारीवर घेतला तर व्यापाऱ्याच्या वहीत ‘खरेदी खाते नावे ७०,०००’ आणि खाली शेतकऱ्याच्या खात्याला जमा ७०,०००, ही नोंद अकरावीचा विद्यार्थी दिवाळीपर्यंत सहज करतो. त्याच सौद्याची बाजार समितीतली काटापट्टी त्याच्यापुढे ठेवली, तर हमाली आणि तोलाई कोणाच्या नावे पडते, अडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून का घेतात, सरकी आणि रुई वेगळी झाल्यावर जिनिंगवाल्याचा साठा कसा मोजायचा, हे प्रश्न निघतात. पुस्तकात याला जागा नाही. हौशी शिक्षक पट्टी आणून फळ्यावर मांडतो, बाकीचे मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतात.

सहकार हा विषय वऱ्हाडसाठीच काढला असावा असे वाटावे, इतका इथल्या जगण्याशी जुळतो. सेवा सहकारी सोसायटी, जिल्हा मध्यवर्ती बँक, खरेदी-विक्री संघ, सहकारी जिनिंग यांच्याशी संबंध नाही असे शेतकरी घर इथे शोधावे लागेल. राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजनाही १९७१ च्या कायद्याने उभी राहिली आणि पुढे कापूस उत्पादक पणन महासंघाच्या सहकारी यंत्रणेतून चालली. तरीही निवडीच्या वेळी हा विषय मागे पडतो. त्याला गणिताइतकी प्रतिष्ठा नाही, आयटीइतके गुण मिळत नाहीत, आणि पुढे पदवीला त्याचे काय करायचे याचे उत्तर समुपदेशन करणाऱ्यांजवळही तयार नसते. प्रस्तुत लेखकाच्या मते अमरावती विभागातील निवडीचा हा सर्वांत मोठा तोटा आहे.

द्विलक्षी संगणकशास्त्र : १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून राज्यात द्विलक्षी विषय सुरू झाले. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून त्यांच्या जागी दोनशे गुणांचा एक व्यवसाय विषय घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. वाणिज्य गटात बँकिंग, कार्यालय व्यवस्थापन, विपणन व विक्रीकौशल्य, लघुउद्योग व स्वयंरोजगार हे विषय आले, तर विज्ञान शाखेत इलेक्ट्रॉनिक्स, पीकशास्त्र, विद्युत देखभाल यांच्याबरोबर संगणकशास्त्र आले. आज ‘बायफोकल’ म्हटले की बहुतेकांना संगणकशास्त्रच आठवते.

यात पन्नास-पन्नास गुणांचे दोन लेखी पेपर आणि शंभर गुणांचे प्रात्यक्षिक असते. पहिल्या पेपरात कार्यप्रणाली, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस आणि एचटीएमएल. दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर, एक्स-८६ कुळ, मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग. इंटेलने ८०८५ बाजारात आणला १९७६ मध्ये, म्हणजे तो शिकवणाऱ्या कित्येक शिक्षकांच्या जन्माआधी. त्यावर हसणारे पुष्कळ आहेत. पण प्रयोगशाळेतले ट्रेनर किट एकदा जवळून पाहावे. लाल आकडे उमटणारी छोटी पट्टी, सोळा आकड्या-अक्षरांची बटणे, स्क्रीन नाही, माउस नाही. विद्यार्थी सी००० या पत्त्यापासून एकेक जागा उघडत ३ई, ०५, ०६, ०३, ८० असे भरतो : पहिल्या जोडीने अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये पाच, दुसरीने बी रजिस्टरमध्ये तीन, आणि ८० म्हणजे बेरीज कर. शेवटी ७६ दिले की यंत्र थांबते. अ‍ॅक्युम्युलेटर तपासला की ०८ दिसतात. एक बटण चुकले तर पट्टीवर भलतेच काही येते आणि ‘असं का झालं’ हे स्वतःच शोधावे लागते. संगणक आतून कसा चालतो हे इतक्या उघड्यावर दाखवणारे दुसरे साधन शालेय अभ्यासक्रमात नाही. जुने असणे हा या पेपराचा दोष मानला जातो, पण खरा दोष किट कमी आणि बॅच मोठी हा आहे.

निवडीमागचे गणित वेगळेच असते. संगणकशास्त्र घेतले की जीवशास्त्र आणि दुसरी भाषा दोन्ही सुटतात. अभियांत्रिकी प्रवेशाला भौतिकशास्त्र व गणित लागतात आणि तिसऱ्या विषयासाठी रसायनशास्त्राबरोबर तांत्रिक व्यवसाय विषयही चालतो. म्हणून एमएचटी-सीईटी डोळ्यांपुढे ठेवणारे विद्यार्थी इकडे वळतात, तर ‘नीट’ देणारे दुरून नमस्कार करतात.

माहिती तंत्रज्ञान : विज्ञान, कला व वाणिज्य या तिन्ही शाखांना खुला असलेला हा विषय एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला विनाअनुदानित तत्त्वावर आला. या दोन शब्दांचा परिणाम आजवर टिकून आहे. विषयाची फी वेगळी घेतली जाते, शिक्षक बहुधा तासिकेवर किंवा तुटपुंज्या मानधनावर असतो, आणि अनुदानासाठी या शिक्षकांना वारंवार आंदोलने करावी लागली आहेत. अमरावती शहरातली मोठी महाविद्यालये प्रयोगशाळेचा खर्च फीमधून भागवतात. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, तेल्हारा, बाळापूर अशा ठिकाणी फी वाढवली की विद्यार्थी गळतात आणि न वाढवली तर संगणक जुने राहतात. विषयाची भाषा इंग्रजी आहे, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिले दोन महिने ‘टॅग’ आणि ‘अ‍ॅट्रिब्यूट’ यांच्यापेक्षा वाक्येच जड जातात.

अकरावीत माहिती तंत्रज्ञानाची मूलतत्त्वे, डेटाबेस, वेब डिझाइन, सायबर कायदा. बारावीत प्रगत वेब डिझाइन, सर्च इंजिनसाठी मांडणी, जावास्क्रिप्ट, ई-कॉमर्स व ई-गव्हर्नन्स असा आशय आहे. वाणिज्य शाखेसाठी संगणकीय हिशेबाचा भाग आहे. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याची निवडली आहेत : डेटाबेससाठी पोस्टग्रेस्क्यूएल, चित्रांसाठी जिंप आणि इंकस्केप, हिशेबासाठी ग्नूखाता. यातले ग्नूखाता हे कृष्णकांत माने या दृष्टिहीन संगणकतज्ज्ञाच्या पुढाकाराने घडलेले भारतीय सॉफ्टवेअर आहे. परवान्याचे पैसे वाचावेत म्हणून हे धोरण योग्यच. अडचण वर्गाबाहेर आहे. अमरावतीच्या बिझीलँडमधला घाऊक कापडविक्रेता किंवा अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतली डाळमिल ‘टॅली येते का?’ असे विचारते. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर ही मागणी आणखी पक्की झाली. मग तोच विद्यार्थी सकाळी कॉलेजात ग्नूखाता आणि संध्याकाळी क्लासमध्ये टॅली शिकतो. दोन्हीकडे नोंद तीच असते हे ज्याच्या लक्षात येते, त्याचा क्लासचा महिना वाचतो.

मूल्यमापन ऐंशी गुणांची ऑनलाइन परीक्षा आणि वीस गुणांचे प्रात्यक्षिक असे आहे. ऑनलाइन परीक्षा महाविद्यालयाच्याच प्रयोगशाळेत तुकड्या पाडून होते. गाळलेल्या जागा, चूक-बरोबर, जोड्या, आणि एक, दोन किंवा तीन पर्याय बरोबर असलेले बहुपर्यायी प्रश्न असतात, शेवटी प्रोग्रॅम लिहायचा. दोन बरोबर पर्यायांतला एकच टिपला की गुण हुकतात, म्हणून सरावाचा भर तिथेच असतो. भारनियमनाच्या काळात ग्रामीण केंद्रांवर या परीक्षेत धास्ती प्रश्नांपेक्षा इन्व्हर्टरचीच अधिक असे.

आयटी लोकप्रिय का झाला याचे उत्तर गुणपत्रिकेत आहे. हा विषय दुसऱ्या भाषेच्या जागी घेता येतो. दुसरी भाषा म्हणजे बहुतेक ठिकाणी मराठी. निबंध, रसग्रहण, व्याकरण यांत सत्तर-ऐंशीवर अडकणारा विद्यार्थी आयटीत नव्वदीपार जातो, म्हणून विज्ञान-वाणिज्याच्या वर्गांत मराठीचे तास ओस पडले. २०२० च्या कायद्याने राज्यातील शाळांमध्ये दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली, पण अकरावीच्या उंबरठ्यावर ही सक्ती संपते. आयटीला दोष देण्यात अर्थ नाही. विषय चांगला आहे, पण त्याला भाषेशी स्पर्धेला उभे करण्याचा निर्णय चुकला. तो गणितासारखा स्वतंत्र ऐच्छिक विषय म्हणूनच ठेवला असता, तर आज जे केवळ गुणांसाठी येतात ते आले नसते आणि प्रयोगशाळेत खुर्च्या पुरल्या असत्या.

व्यवसाय अभ्यासक्रम : १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम (एमसीव्हीसी) सुरू झाले. त्यांची प्रशासकीय बाजू व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे. वाणिज्य गटात लेखा व कार्यालय व्यवस्थापन, विपणन व किरकोळ विक्री यांसारखे अभ्यासक्रम आहेत. १९८६ च्या दुरुस्तीने शिकाऊ उमेदवारी कायद्यात या विद्यार्थ्यांसाठी वेगळा वर्ग निर्माण झाला, त्यामुळे बारावीनंतर विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. कमी टक्क्यांच्या मुलांची शाखा असा शिक्का बसल्याने या वाटेचे खरे मोल झाकले गेले.

नववी-दहावीच्या काही शाळांत २०१५-१६ पासून राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानुसार आयटी, किरकोळ विक्री, मल्टी स्किल असे विषय आले. भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने त्यांचे आराखडे तयार केले. शाळेबाहेर दोन गोष्टी या विषयांना समांतर चालतात : महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा (स्थापना २००१) एमएस-सीआयटी आणि राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा. लिपिकपदाच्या जाहिरातीत या दोन्हींची अट असते, बारावीच्या आयटीची नसते. त्यामुळे आयटीत पंच्याण्णव मिळवलेली मुलगीही उन्हाळ्यात मूर्तिजापूरच्या टंकलेखन संस्थेत मिनिटाला तीस मराठी शब्दांचा सराव करताना दिसते.

प्रवेश : अमरावती महापालिका क्षेत्रात अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश २०१७-१८ च्या सुमारास सुरू झाला. मुंबई, पुणे, नाशिक व नागपूर यांच्या जोडीला हे क्षेत्र आले. अकोल्यात मात्र ही ऑनलाइन पद्धत नव्हती. २०२५-२६ पासून ही पद्धत राज्यभर लागू झाली आणि दोन्ही जिल्हे एका यादीत आले. ऑनलाइन अर्जात शाखा, माध्यम आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा असतो. आयटी की मराठी, सहकार की गणित हे प्रवेश निश्चित करायला गेल्यावर ठरते. तिथे माहितीपत्रक क्वचितच मिळते, आणि बहुतेक विद्यार्थी पुढे उभ्या असलेल्या मित्राने जे घेतले तेच लिहून देतात.