तोल सावरण्याची दोनशे वर्षं

१८१७ साली लंडनमध्ये एक लहानसं पुस्तक निघालं. पानं जेमतेम सहासष्ट. लेखक होते जेम्स पार्किन्सन, हॉक्स्टन नावाच्या वस्तीत दवाखाना चालवणारे डॉक्टर. या गृहस्थांना जीवाश्म जमवायचा नाद होता, आणि तरुणपणी टोपणनावानं सरकारवर टीका करणारी पत्रकंही त्यांनी लिहिली होती. नाव मात्र राहिलं ते या सहासष्ट पानांमुळे. सहा रुग्णांच्या हकिकती त्यात आहेत. त्यांतले काही त्यांना चक्क रस्त्यात भेटलेले आणि एक तर नुसता लांबून पाहिलेला. आजच्या एखाद्या परीक्षकानं हा प्रबंध परतच पाठवला असता.

पार्किन्सन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. पार्किन्सन साहेबांनी मात्र हातापेक्षा चालीवर बारीक नजर ठेवली होती. माणूस पुढं वाकत जातो, पावलं आखूड पडतात, मग ती भराभर पडू लागतात आणि चालणं आपोआप धावणं होऊन बसतं. आजार वाढलेल्या रुग्णाचं वर्णन करताना ते लिहितात, की त्याचा सेवक त्याच्या पुढ्यात उलटा चालत असे आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांना लावून त्याला पुढं कोसळू देत नसे.

हा उलटा चालणारा माणूस मी वाचला तेव्हा मला नवा वाटला नाही. आमच्या बेल्ह्यात माझी चुलती असंच चालायची.

बेल्हे हे जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचं गाव. कल्याण-नगर रस्त्यानं आळेफाट्याच्या पुढं यायचं. सोमवारचा बाजार आणि त्यातला बैलबाजार ही गावाची जुनी ओळख. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, बैलांचे जाणकार होते. दात तर सगळेच बघतात. तात्या बैलाला दहा पावलं चालवून बघत. मागचा पाय कुठं पडतो यावर ते सौद्याचा आकडा ठरवत. या माणसाला २००९ साली पार्किन्सनचं निदान झालं. हाताचा कंप गोळ्यांनी बराच आटोक्यात आला. पण उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. वरचं अंग पुढं जायचं आणि पाय मागंच. मग काकू पुढं व्हायची, त्यांचे खांदे धरायची आणि ओसरीवरून अंगणात उलटी चालत जायची. तिनं कुठलं इंग्रजी पुस्तक वाचलं असणार?

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. वैद्यकाचा माझा अभ्यास नाही. पण तात्यांमुळे या आजाराच्या उपचारांचा इतिहास वाचायची सवय लागली. आज सांगायचं आहे ते त्यातल्या एकाच धाग्याबद्दल, म्हणजे तोलाबद्दल.

पार्किन्सनचं नाव या आजाराला दिलं पॅरिसच्या शार्को यांनी. हे मोठे गाजलेले मेंदूचे डॉक्टर. त्यांचे काही रुग्ण म्हणत, घोडागाडीतून किंवा आगगाडीतून हादरे खात आलो की बरं वाटतं. शार्को यांनी ते हसण्यावारी नेलं नाही, थरथरणारी खुर्चीच बनवून घेतली. १८९२ साली त्यांनी त्याबद्दल व्याख्यान दिलं आणि पुढच्याच वर्षी ते वारले, त्यामुळे प्रयोग तिथंच राहिला. २०१२ साली अमेरिकेत तो पुन्हा करून पाहिला. एका गटाला हादरणारी खुर्ची दिली, दुसऱ्याला नुसता आवाज करणारी. दोन्ही गटांना सारखाच फरक जाणवला! एस.टी.नं रोज प्रवास करणाऱ्या आमच्या तालुक्याला ही बातमी थोडी निराश करणारी आहे.

आयुर्वेदात या लक्षणांना कंपवात म्हणतात. खाजकुहिलीचं बी हे त्यावरचं एक औषध. हीच ती वेल, जिच्या शेंगेची कूस अंगाला लागली की माणूस खाजवून हैराण होतो. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या दोन संशोधकांनी तिच्या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळं काढलं. पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामिन कमी होतं, हे १९६० साली व्हिएन्नात दिसून आलं. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं, म्हणून पुढच्याच वर्षी तिथं रुग्णांना ते टोचून पाहिलं, आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉट्झियास यांनी वाढत्या मात्रेत तोंडानं देऊन ते चांगलं लागू पडतं हे दाखवलं. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालू लागली. आजही तेच मुख्य औषध आहे. (बांधावरची खाजकुहिली आणून कुणी घरी उपचार करू नयेत, मात्रा चुकते आणि चालू गोळ्यांशी तिचा झगडा होतो.)

गोळीनं ताठरपणा सुटतो, हालचाल मोकळी होते. तोल मात्र तिला फारसा जुमानत नाही. आजार पुढं सरकला की माणूस पडू लागतो, आणि गोळ्या वाढवूनही पडतच राहतो. घरच्यांना हे कुणी लवकर सांगत नाही. तात्या तिसऱ्यांदा पडले, खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर आम्हाला ते कळलं.

तोलाकडे नीट पाहिलं ते लंडनच्या पर्डन मार्टिन यांनी. १९६७ च्या त्यांच्या पुस्तकात एक साधी गोष्ट नोंदलेली आहे. ज्या रुग्णाला सपाट जमिनीवर पाऊल उचलत नाही, त्याच्या वाटेत आडव्या पांढऱ्या रेघा मारल्या की तो एकेक रेघ ओलांडत चालू लागतो. रेघा आडव्याच हव्यात, चालण्याच्या दिशेनं ओढलेल्या चालत नाहीत. आतली वाट बंद पडली तरी डोळ्यांची वाट उघडी असते, असं काहीसं ते आहे. हे वाचल्यावर मला आमच्या घरातलं एक कोडं सुटलं. तात्या माजघरातल्या गुळगुळीत कोब्यावर अडायचे आणि ओसरीच्या शहाबादी फरशीवर बरे चालायचे. फरशीचे सांधे त्यांच्या उपयोगी पडत होते. मग आम्ही कोब्यावर चुन्याच्या रेघा ओढल्या. काकू त्या सणावारी रांगोळीसारख्या पुन्हा ओढायची.

डोळ्यांसारखीच कानांची वाटही आहे. ताल मिळाला की पाय उचलतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं २००१ साली पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. आपल्या पुण्यात हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास असेच वर्ग चालवायला घेतले. पण वर्ग पुण्यात. बेल्ह्याहून पुणं शंभराच्या वर किलोमीटर. मंचर, राजगुरुनगर, चाकण असा रस्ता, आणि चाकणची वाहतूक कोंडी धडधाकट माणसालाही सोसत नाही. आठवड्यातून तीनदा व्यायामाला या, असं आम्हाला पुण्यात एका ठिकाणी सांगितलं होतं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता. तात्या मोजून दोनदा गेले.

आता व्यायामच घरी आला तर? इथं एका खेळण्याची गोष्ट येते. २००७ च्या डिसेंबरात जपानच्या निन्तेन्दो कंपनीनं टीव्हीवर खेळायच्या आपल्या 'वी' यंत्राबरोबर एक पाट बाजारात आणला. दिसायला जेवणाच्या पाटासारखाच, पण चारही कोपऱ्यांत वजन मोजणारे काटे. पाटावर उभं राहून डावीकडे झुकलं की पडद्यावरचा खेळगडीही डावीकडे झुकतो. यालाही आभासी वास्तव म्हणतात. डोळ्यांवर चष्मा चढवावाच लागतो असं नाही. मुलांच्या खेळासाठी आलेला हा पाट फिजिओथेरपिस्ट मंडळींनी लगेच उचलला, कारण आपला तोल कुठं जातो आहे हे रुग्णाला समोर दिसत होतं. तत्त्व पर्डन मार्टिन यांच्या रेघांचंच, रेघ तेवढी जमिनीवरून पडद्यावर गेली.

इटलीत व्हेरोनाच्या डॉक्टरांनी इतर शहरांतल्या सहकाऱ्यांसह त्याची रीतसर परीक्षा घेतली आणि निष्कर्ष २०१७ साली छापले. रुग्ण ७६. निम्मे दवाखान्यात येऊन तोलाचे व्यायाम करत, निम्मे घरीच पाटावर उभे राहत आणि फिजिओथेरपिस्ट दुरून त्यांच्यावर लक्ष ठेवत. दोन्हीकडे सात आठवडे, आठवड्याला तीन वेळा, दर वेळी पन्नास मिनिटं. तोल मोजायला बर्ग यांची मोजपट्टी होती: उठणं, उभं राहणं, वळणं, जमिनीवरची वस्तू उचलणं अशी चौदा कामं, एकूण गुण ५६. या मोजपट्टीवर घरचा गट थोडा पुढं गेला. चालताना वळणं, अडथळा ओलांडणं यात मात्र दवाखान्यातला गट सरस ठरला. उपचाराच्या खर्चातही दोन्ही गटांत फरक पडला.

एवढं ऐकून कुणी पाट शोधायला निघेल, म्हणून पुढचं सांगतो. पडण्याची संख्या दोन्ही गटांत बदलली नाही. गुण वाढले, पडणं तेवढंच राहिलं. सात आठवडे थोडे असतील, मोजणी अवघड असेल. पण घरच्यांना हवा असतो तो हाच आकडा. दुसरी गोष्ट निष्कर्षातच आहे. ही पद्धत चालते ती ज्याच्याजवळ सांभाळणारं माणूस आहे अशा रुग्णासाठी. फिजिओथेरपिस्ट पडद्यात असते, आणि पडणाऱ्याला पडद्यातून धरता येत नाही. पार्किन्सनचं पुस्तक १८१७ चं, ही परीक्षा २०१७ ची. दोनशे वर्षांत पुष्कळ काही बदललं, पण शेजारी उभा राहणारा माणूस सुटलेला नाही.

आपल्याकडे मार्च २०२० मध्ये दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम सरकारनं जाहीर केले. त्याच टाळेबंदीत, २००१ साली मुंबईत स्थापन झालेल्या पार्किन्सनच्या संस्थेनं आपले गटव्यायाम फोनवर आणि संगणकावर नेले. माझ्या मते आपल्या गावांच्या कामाचं आहे ते हेच. इटलीतला तो पाट आता नवा मिळतही नाही, आणि त्याच्यावाचून अडत नाही. व्हिडिओ कॉल घराघरांत पोचला आहे. आमच्या तालुक्यात खोडदला तीस अवाढव्य अँटेना आकाशातल्या क्षीण लहरी पकडतात, आणि माझा फोन कोपऱ्यातल्या खोलीत एक काडी दाखवतो, हा विनोद आम्ही एकमेकांना सांगत असतो. पण ओसरीवर चित्र स्पष्ट दिसतं. फोन फळीवर टेकवायचा, पाठीमागं भिंत ठेवायची, पुढ्यात जड खुर्ची, जमिनीवर रेघा. कोणता व्यायाम झेपेल हे फिजिओथेरपिस्टनं एकदा समक्ष तपासून ठरवायचं, पुढचं दुरून.

राहिलं ते माणूस. तात्यांच्या वेळी काकू होती. तीही साठीच्या पुढची, गुडघे दुखणारी. उलटं चालताना ती स्वतः दोनदा पडली. तिच्या तोलाची मोजपट्टी कुणी लावली नाही. आज आमच्या आळीत अशी सात घरं मी मोजली, जिथं दोनच वृद्ध राहतात आणि मुलं मुंबईला किंवा चाकणच्या कारखान्यांत आहेत. दोन घरांत तर एकच माणूस आहे. इटलीच्या त्या निष्कर्षात या दोन घरांसाठी ओळ नाही. आशाताई आमच्या आळीत येतात, रक्तदाब विचारतात, लसीची आठवण करतात. आठवड्यातून तीनदा पन्नास मिनिटं कुणाच्या खांद्याशी हात ठेवून उभं राहणं त्यांच्या कामात आज बसत नाही. ते बसवायचं तर मोबदला किती आणि कुठून, हा प्रश्न मी गेल्या ग्रामसभेत मांडला. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो घेतो असं सांगितलं आहे.