जगण्याचा आनंद

फ्रेंच भाषेत ‘झ्वा द व्हीव्र’ असा एक शब्दप्रयोग आहे. त्याचा सरळ अर्थ जगण्याचा आनंद. खाणेपिणे, गाणे, मित्रांच्या गप्पा यांतून उसळून येणारा हा उल्लास केवळ निश्चिंत माणसालाच लाभतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ज्या कलावंतांनी आपल्या कृतींत या शब्दांना स्थान दिले, त्यांचा इतिहास निराळीच साक्ष देतो.

१८८० साली कादंबरीकार एमिल झोला याच्यावर दोन आघात झाले. मे महिन्यात त्याचा ज्येष्ठ स्नेही फ्लोबेर गेला, ऑक्टोबरात आई निवर्तली. त्या सुमारास योजलेली एक कादंबरी त्याला दुःखामुळे बाजूस ठेवावी लागली. ती १८८४ साली प्रसिद्ध झाली, आणि तिला त्याने नाव दिले ‘जगण्याचा आनंद’! नावात उपरोध आहे खरा. नॉर्मंडीच्या समुद्रकाठचे एक घर, संधिवाताने जखडलेला गृहस्थ आणि मृत्यूच्या भयाने झुरणारा त्याचा मुलगा. त्या घरी आलेल्या पोलीन या पोरक्या मुलीचा वारसा घरच्यांनीच खर्चून टाकला. ज्याच्यावर तिचे प्रेम, त्याला तिने दुसरीच्या स्वाधीन केले. तरीही त्या दुसरीचे निपचित जन्मलेले मूल पोलीननेच तोंडाने श्वास फुंकून जगवले. उपरोधाच्या तळाशी आनंद उरतो, तो असा.

१८८५ च्या मार्चमध्ये हॉलंडमधील न्यूनेन गावी चित्रकार व्हॅन गॉग याचे धर्मोपदेशक वडील वारले. ऑक्टोबरात त्याने एका दिवसात एक चित्र रंगविले. त्यात जाडजूड बायबल उघडे आहे, तेही दुःख सोसणाऱ्या सेवकाचे वर्णन करणाऱ्या यशयाच्या अध्यायावर. शेजारी विझलेली मेणबत्ती आहे, आणि पुढ्यात हाताळून झिजलेले, पिवळ्या वेष्टनाचे झोलाचे हेच पुस्तक.

पुढे दुसरे महायुद्ध झाले. फ्रान्सने चार वर्षे जर्मन अंमल सोसला. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या शरदात, पिकासो भूमध्य समुद्राकाठच्या आंतिब येथील जुन्या गढीत चित्रे काढीत होता. कॅनव्हासची टंचाई होती. म्हणून त्याने सिमेंटच्या पत्र्यावर नाचणारी स्त्री, बासरीवाले आणि बागडणारी करडे रंगविली. या चित्राचे नावही तेच, ‘झ्वा द व्हीव्र’.

पोरकेपण, पित्याचा मृत्यू, युद्धाची होरपळ. या तिन्ही ठिकाणी दुःख नाकारलेले नाही. त्याला पुरते ओळखूनही जीवनाला होकार देता येतो, हाच या शब्दांचा अर्थ होय.