लोकदृष्टी आणि आत्मप्रतीती : परमहंस सभा व पंचहौद प्रकरण

मनुष्य अंतर्मुख होऊन स्वतःस ओळखतो, ही समजूत प्राचीन आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स हॉर्टन कूली यांनी १९०२ साली याहून निराळे प्रतिपादन केले. आपण इतरांस कसे दिसतो, त्यावर ते काय मत देत असतील आणि त्या मताच्या कल्पनेने आपणांस अभिमान वाटतो की लाज, या तीन अंगांनी 'स्व'ची जाणीव घडते. समाज हा आरसा होय, असे त्यांचे म्हणणे. जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्या १९३४ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत हाच विचार पुढे नेलेला आहे. व्यक्ती समग्र समूहाची दृष्टी आत्मसात करते आणि तिनेच स्वतःकडे पाहू लागते, असे तेथे दाखविले आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या इतिहासात या सिद्धांताची पारख करण्याजोगी दोन प्रकरणे आढळतात.

पहिले परमहंस सभेचे. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या या गुप्त सभेचे दादोबा पांडुरंग हे प्रमुख प्रेरक होते. जातिभेद व मूर्तिपूजा सभेस अमान्य होती. नव्या सभासदाने ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पाव इतरांदेखत खावा, असा तेथील परिपाठ होता. यातील 'इतरांदेखत' हा भाग महत्त्वाचा. एकांतात खाल्लेल्या पावाने कोणी सुधारक ठरत नव्हता. सहकाऱ्यांच्या दृष्टीस पडल्यावरच ते मत त्याचे स्वतःचे झाले. तथापि घरी व ज्ञातीत तोच मनुष्य पूर्वीच्याच रूपाने वावरत असे. १८६० साली सभासदांची यादी चोरीस गेली आणि नावे उघड होण्याच्या धास्तीने सभा मोडली. सभासदांची मते एका दिवसात पालटली असतील, हे संभवत नाही. पालटले ते पाहणारे डोळे.

दुसरे प्रकरण पुण्यातील पंचहौद मिशनचे. १८९० साली तेथे जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींस चहा देण्यात आला आणि उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापली गेली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली व प्रायश्चित्ताचा प्रश्न उभा राहिला. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. चहापानात पाप आहे असे मानून त्यांनी ते घेतले नव्हते. सोबतच्या मित्रांची अडचण त्यांच्यापुढे होती. सनातन्यांच्या दृष्टीने ते दोषी होते, तर अनेक सुधारकांच्या दृष्टीने कच खाल्लेले. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत या प्रसंगाची हकीकत सांगितली आहे.

दोन्ही प्रकरणांत लज्जेचा उगम लोकदृष्टीत आहे, एवढ्यापुरते कूली यांचे मत खरे ठरते. परंतु आरसा एकच नसतो, हेही येथे स्पष्ट होते. परमहंस सभेचा आरसा गुप्त होता; म्हणून ज्ञातीच्या आरशापुढे तो टिकला नाही. बाबा पदमनजी हे त्या सभेतील. त्यांनी १८५४ साली उघडपणे ख्रिस्ती धर्म स्वीकारला व नवा समाज पत्करला. दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ साली निघालेली प्रार्थना समाज ही संस्था उघड होती. मात्र जातित्यागाची अट तिने घातली नाही. रानड्यांपुढे दोन आरसे एकाच वेळी होते आणि दोहोंतील प्रतिमा सदोष होती. तरीही त्यांनी निर्णय घेतला. समाज मनुष्यास त्याचे रूप दाखवितो, हे खरे. त्यांपैकी कोणते रूप आपले मानावे, हा भार मात्र त्याच्यावरच राहतो.